सासू बसलेली गाडी उचलता येत नाही

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

कोल्हापूर, अक्षयतृतीयेच्या आधीचा सोमवार
(सोमवारी कांडप बंद, म्हणून पत्राला सवड)

तीर्थरूप आण्णा यांच्या पायांशी धाकटी बहीण शिवलीला हिचा वाकून शरणार्थ. इकडे आम्ही सर्व महादेवाच्या कृपेने ठीक, तुम्हां सर्वांची खुशाली कळवावी. वैनींच्या गुडघ्याला मी दिलेलं तेल लावताय की बाटली नुसती कपाटात उभी केलीय ते लिहावं. माग नीट चालू असतील. आव्वाचा खोकला गेला का? गेला नसेल तर तिच्या खोलीची शेडकडची खिडकी बंद ठेवावी, सुताची धूळ नाकात जाते, हे मी किती वर्षं सांगते आहे आणि तुम्ही किती वर्षं व्हय व्हय म्हणताय.

एवढं झालं रीतीचं. चौथीत गुरुजींनी पत्र शिकवलं ते इथपर्यंतच, पुढं मी शाळा सोडली, त्यामुळं यापुढचं पत्र मला येईल तसं लिहिते आणि "तुम्ही" पण सोडते, कारण "तुम्ही" म्हणून भांडता येत नाही. आण्णा, तू अक्षयतृतीयेला इचलकरंजीहून टेंपो घेऊन येणार आहेस, मिरची कुटायचे माझे दोन्ही डंक उचलून भंगारात घालणार आहेस आणि कांडपाची जागा त्या मोबाइलच्या दुकानवाल्याला द्यायचा मुहूर्त धरला आहेस, असं मला तुझ्या पावण्यांकडून (म्हणजे आमच्या घरातल्यांकडून, ह्यांच्याकडून, ज्यांना तू फोनवर काहीही सांगितलंस तरी ते "बरं बरं" म्हणतात) कळलं. टेंपो आणू नकोस. का आणू नकोस ते फोनवरच सांगितलं असतं, पण तुझ्या कानाशी मागांचा खडखडाट आणि माझ्या कानाशी डंकाचा दणका, आपण दोघं फोनवर नुसते ओरडतो आणि शेवटी तू "बरं ठेवतो" म्हणतोस. म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालून खिशात टाकू नकोस.

आधी पाडव्याचं बोलते. दर चैत्रात तू आव्वाला आणि तिच्या मिरचीच्या पोत्याला जीपमधनं आणतोस, आव्वा माझ्या डंकापुढं पाट टाकून बसते, तुझ्या आणि माझ्या दोन्ही घरांची वर्षाची चटणी कुटून होते आणि ती चार दिवस माझ्याकडं राहते. माझ्या वर्षाला आई आणि माहेर तेवढंच. ह्या पाडव्यालाही तू आलास. गल्लीत दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे मारलेले, नवा बोर्ड लावलेला, तो तू वाचला नाहीस (मीही वाचला नव्हता, उगाच तुला कशाला बोलू). तू जीप दारात लावून हातपाय धुवायला आत आलास, आव्वाही उतरून उंबऱ्यावर टेकली, आणि तेवढ्यात क्रेनवाल्यांनी आकडा लावून जीप नेली, पोत्यासकट. तू पाण्याचा तांब्या पायरीवर आपटून मागनं पळालास. जीप सोडवून परत आलास ते फक्त आव्वाला घ्यायला. "ह्या गल्लीत परत पाऊल ठेवणार न्हाई, इक हे सगळं" म्हणालास आणि गेलास. आव्वा जीपमधनं मान वळवून बघत होती. पोतं तिच्या पायाशीच होतं, तोंड बांधलेलं. त्या तांब्याला पडलेला पोचा अजून तसाच आहे, आलास की दाखवते.

आता तू म्हणशील, गाडी लांब लावून चालत यायला गिऱ्हाइकाला काय होतं. साहेबालाही तसंच वाटलंतं. हा नियम करणारा ट्रॅफिकचा साहेब नवा, लांबच्या गावचा, आणि माझी खात्री होती की तो पाकिटातली चटणी खातो. त्याचं म्हणणं असं की गल्लीत कुणी गाडी लावायची नाही, सगळ्यांनी पार तिकडं मैदानात नेऊन लावायची, पावती फाडायची आणि उन्हातनं चालत यायचं, म्हणजे रस्ता मोकळा. झाला की मोकळा. इतका मोकळा की भर दुपारी त्यात कुत्री आडवी झोपायला लागली. सयाजी कासाराकडं बांगड्या भरायला कोण येईना, तो दिवसभर काचेच्या बांगड्या पुसत बसायचा, पुसून पुसून त्यांचा रंग जाईल असं वाटायला लागलं. समोरच्या पिको-फॉलवालीनं कंटाळून स्वतःच्याच साऱ्या साड्यांना फॉल लावून घेतले. पण बांगडी निदान हातात घालून चालत जाता येतं. माझ्याकडं यायचं म्हणजे मिरचीचं पोतं, धन्याची पिशवी, खोबऱ्याच्या वाट्या, कांदा-लसणाचं पातेलं आणि वर चटणी न्यायला मोठा रिकामा डबा. हे सगळं घेऊन मैदानातनं कोण बाई चालत येईल? बरं, गाडीवरनं सामान उतरवून गाडी लांब लावून यावं, तर तेही नाही, कारण तुला ठाऊक आहे, बाईमाणूस आपली चटणी डंकाखाली सोडून हलत नाही. घराला आग लागली म्हणून सांगत आलं तर विचारेल, चाळून झाल्यावर आले तर चालंल का. ती हलली की शेजारणीची लवंगी हिच्या ब्याडगीत पडली, नाहीतर हिचं खोबरं तिच्या घरी गेलं, असा तिचा संशय, आणि संशय काही अगदीच खोटा नाही, बायका मी बघितल्यात. त्यामुळं चटणी होईपर्यंत बाई आत आणि गाडी बाहेर, ही माझ्या सासऱ्यांपासनंची पद्धत. तेव्हा बाहेर बैलगाडी असायची, आणि बैल कुणी उचलून नेत नव्हतं.

क्रेनवर गुंडू म्हणून एकजण आहे, मलकापूरकडचा, अंगानं आडवा आणि मनानं भोळा. आधी भोंग्यातनं गाडीचा नंबर पुकारायचा, मग उचलायची, असा त्याला हुकूम. तो बिचारा पुकारायचा, पण डंक चालू असताना साक्षात महादेवानं पुकारलं तरी आत ऐकू येत नाही. बाई गरम चटणीचा डबा पोटाशी धरून बाहेर यायची आणि मोकळ्या रस्त्याकडं बघत उभी राहायची. मग बोलायची. गुंडूला नाही, साहेबाला नाही, मला. जणू काय तिची स्कूटर मीच डंकाखाली घालून कुटली. असं झाल्यावर बायका किती दिवस येतील? बायपासला कुणी एकानं नवं मसाला सेंटर काढलंय, पुढं गाड्या लावायला ही मोठी जागा, बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, तिकडं जायला लागल्या. (तिथं गिरणीत दळतात, आण्णा, कुटत नाहीत. दळलेली चटणी म्हणजे लाल रंगाची धूळ. पण गाडीला जागा आहे ना.) चैत्र-वैशाख गेला की माझं वर्ष गेलं, पावसाळ्यात कोण चटणी कुटतं. मी एक डंक बंद केला. बंद डंकाकडं बघत तुझे पावणे म्हणाले, "आण्णा म्हणत्यात ते बरोबर हाय वाटतं." त्या दिवशी त्यांना मी जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

मी बोलत नाही म्हटल्यावर ते घाबरून कामाला लागले. गल्लीतल्या दुकानदारांना घेऊन साहेबाकडं गेले. साहेबानं चहा पाजला आणि "बघू" म्हणाला. हे खूश होऊन आले, म्हणाले माणूस चांगला आहे. मी म्हटलं, चहा चांगला असेल. मग ह्यांनी डोकं चालवलं. गाड्या मैदानातच राहू देत, सामान हातगाडीवरनं आणू, चटणी झाली की डबे हातगाडीवरनं परत मैदानात पोचवू, बायका मोकळ्या हातानं चालतील. ऐकायला बरं होतं, मीही हो म्हटलं. पण सगळ्या कोल्हापुरातल्या बायकांना लग्नात तोच एक कडीचा स्टीलचा डबा आलेला असतो, हे गड्यामाणसाच्या ध्यानात कुठलं येणार. चिमणाबाईचा डबा (तिच्या घरात सगळी पहिलवान पोरं, चटणी अशी की झाकण उघडलं की शेजारच्या घरात ठसका) गेला बँकेतल्या विद्याश्री मॅडमकडं, जिथं सासऱ्यांना पित्ताचा त्रास म्हणून आमटीलाही मिरची नुसती दाखवतात. आणि मॅडमचा डबा गेला चिमणाबाईकडं. मॅडमच्या घरी नेमके त्या दिवशी मुलीला बघायला पावणे आलेले, जेवायला थांबवलेले. नवऱ्या मुलानं पहिला घास खाल्ला, कुणाशी काही न बोलता उठला आणि परड्यातल्या नळाखाली डोकं धरून उभा राहिला. पोरगी पसंत आहे की नाही ते त्याला संध्याकाळपर्यंत सांगता येईना. (पसंत होती. लग्न ठरलंय. पण मॅडमची सासू अजून माझ्याकडं तिरकी बघते.) तिकडं चिमणाबाईच्या पोरांनी दोन दिवस जेवून तिसऱ्या दिवशी विचारलं, "आई, घरात कोण आजारी हाय का?" दोघी एकाच सकाळी माझ्या दारात आल्या. हातगाडी मी त्याच दिवशी बंद केली, आणि ह्यांना म्हटलं, आता तुम्ही डोकं चालवू नका, डंक चालवा.

आणि मग धोंडुबाई आली. तालमीजवळ राहते, घरात म्हशी, जीभ धारेची, आणि तिच्या चटणीचं नाव अख्ख्या पेठेत. सून क्रांती कागलच्या एमआयडीसीत कारखान्यात कामाला जाते, तीच सासूला स्कूटीवर मागं बसवून आणते. त्या दोघींची पद्धत मी वर्षानुवर्षं बघते आहे. क्रांतीनं पोतं आत आणायचं, सासूनं डंकापुढं बसायचं, आणि शेवटी खडा मसाला आणि कांदा-लसूण पडायची वेळ आली की सासूनं म्हणायचं, "क्रांते, पाणी आण जा." क्रांती पाणी घेऊन येईपर्यंत घालायचं ते घालून झालेलं असतं. पोरं शाळेत जायला लागली तरी त्या चटणीत काय किती पडतं ते क्रांतीला ठाऊक नव्हतं. (घरोघरी हेच. सुनेला कपाटाची किल्ली देतील, दागिने देतील, चटणीचं प्रमाण देणार नाहीत.) तर त्या दिवशी दोघी आल्या आणि धोंडुबाईचा गुडघा स्कूटीवरच आखडला. उतरता येईना. "तू हो फुडं, मी येते" म्हणून ती माझ्या दारातल्या ताडपत्रीच्या सावलीत तशीच स्कूटीवर बसून राहिली. तेवढ्यात गुंडू क्रेन घेऊन आला. "आज्जी, उतरा." धोंडुबाई म्हणाली, "उतरायला आलं असतं तर तुझी वाट बघत बसले असते व्हय? उचल मला गाडीसकट, कधी न्हाई ते विमानात बसल्यागत हुईल." गुंडूनं डोकं खाजवलं आणि क्रेन घेऊन चालता झाला.

मी मागनं पळत जाऊन त्याला गाठलं. म्हटलं, बाबा, आमच्या आण्णाची जीप तर पोत्यासकट नेलीस, आणि ही एवढीशी स्कूटी का सोडलीस? तो म्हणाला, "मावशी, माणूस बसलेली गाडी उचलता येत न्हाई. ती लावलेली धरत न्हाईत, थांबलेली धरत्यात. तुमच्या आण्णाच्या जीपमधी कोण बसलं असतं तर तिलाबी हात लावला नसता." आण्णा, मी भर रस्त्यात थांबले. कोल्हापुरात चटणी कुटायला एकटी सून कधी आलीय का? सून आली की मागं सासू आलीच. सासूला उभं राहवत नाही, सासूला घाई नसते, आणि सासूला एकदा बसवली की उठवायची कुणाची छाती होत नाही. देवानं हे माणूस जसं गाडीवर बसायलाच केलंय. मी त्याच दिवशी पेठेत निरोप धाडला, की चटणी घेऊन या, गाडी दारात लावा, फक्त सासूला उतरवू नका.

अडचण एक आली, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. सासू गाडीवर, मग डंकापुढं कोण? सून. धोंडुबाई दुसऱ्या पोत्याला आली (म्हशीवाल्यांच्या घरात माणसं फार, एका पोत्यात भागत नाही) तेव्हा तिच्या हे ध्यानात आलं. उतरावं तर गाडी जाते, बसावं तर चटणी जाते. शेवटी तिनं बाहेरनंच ओरडून सांगायला सुरुवात केली. "क्रांते, नाकेश्वर बेतानं घाल. दगडफूल घातलंस का? अगं भाजून न्हवं, कच्चं." डंकावरनं आवाज आत पोचवायचा म्हणजे तालमीपर्यंत जाईल असं ओरडावं लागतं. शेजारच्या गाडीवरनं चिमणाबाई म्हणाली, "दगडफूल कच्चं घालतासा व्हय? तरीच." पलीकडची एक बोटांवर मोजत मनात काहीतरी पाठ करत होती. धोंडुबाईनं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि ओरडणं थांबवलं. जे सुनेपासून एवढी वर्षं लपवलं ते तिनं गल्लीला फुकट वाटलं होतं. मग क्रांतीला बाहेर बोलावलं, तिचं डोकं धरून आपल्या तोंडाशी ओढलं आणि कानात काहीतरी सांगितलं. चांगलं लांबलचक सांगितलं. क्रांती आत आली ती ओढणीनं डोळे पुसत. मी विचारलं, मिरची गेली का? "न्हाई," म्हणाली, आणि खडा मसाला स्वतःच्या हातानं टाकला. पाणी मागायला त्या दिवशी बाहेरनं कुणी आवाज दिला नाही.

मग काय सांगू तुला. सकाळपासनं गल्लीत सासवांची ओळ. कुणी छत्री उघडून, कुणी पान लावत, कुणी आपल्याच सुनेच्या तक्रारी शेजारच्या गाडीवर सांगत, आणि आत डंकापुढं सगळ्या सुना, एकमेकींच्या कानाशी लागून हसणाऱ्या. सयाजी कासार तर बांगड्यांची पेटी घेऊन गाडी-गाडीपाशी फिरायला लागला, बसल्याजागी हात पुढं केला की चुडा भरून देतो, त्याला दुकानात बसायला सवड नाही. चहाची किटली सारखी फिरतेय. बायपासच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मोकळ्या पडल्या. माझा दुसरा डंक चालू झाला त्या दिवशी तुझ्या पावण्यांनी त्याला हार घातला, आणि मी त्यांच्याशी बोलले.

हे साहेबाच्या कानावर गेलंच. तो स्वतः जीप घेऊन आला, मागं गुंडूची क्रेन. साहेब उतरला, ओळीनं सगळ्या म्हाताऱ्यांकडं बघितलं आणि म्हणाला, "हा काय प्रकार आहे? हे पार्किंगच आहे." तिसऱ्या पोत्याला आलेली धोंडुबाई म्हणाली, "पार्किंग न्हवं बाबा, आम्ही थांबलोय." "किती वेळ?" तर ओळीतल्या सगळ्या एका आवाजात म्हणाल्या, "चटणी हुईपत्तोर." साहेब चिडला. गुंडूला सगळ्यांसमोर म्हणाला, ज्या गाडीत माणूस नसेल ती गाडी तात्काळ उचलायची, मग ती कोणाची का असेना. धोंडुबाईनं विचारलं, "तुमची असली तर?" तो म्हणाला, "माझी असली तरी." आणि त्याच वेळी आत चिमणाबाईची लवंगी डंकाखाली गेली. (मी मुद्दाम केलं नाही. चिमणाबाईचा नंबरच होता. तो मी जरासा पुढं घेतला एवढंच.) आपल्याला ते काही नाही, आण्णा, आपण त्यातच वाढलो. पण साहेबाला जो ठसका लागला, तो काही थांबेना. डोळे लाल, नाक लाल, तोंडातनं शब्द निघेना. तो रुमाल धरून समोरच्या पिको-फॉलवालीकडं पाणी मागत पळाला, आणि त्याचा ड्रायव्हर त्याच्या पुढं. जीप दारात, दारं उघडी, आत कोणी नाही.

गुंडू आकडा हातात धरून उभा. भोळा म्हटलं की नाही मी तुला. हुकूम आत्ताच ऐकलाय, जीपमध्ये माणूस नाही, आणि जीप तर साहेबाची. चिमणाबाई म्हणाली, "उचल की रं, साहेबानंच सांगितलंय." बाकीच्या म्हणाल्या, उचल, उचल. त्याला घाम फुटला, तरी त्यानं आकडा खाली घेतलाच, कारण हुकूम मोडला तर नोकरी जाईल असं त्याच्या डोक्यात. आणि तेवढ्यात धोंडुबाई स्कूटीवरनं उतरली. जो गुडघा एवढे दिवस उतरत नव्हता तो उतरला. लंगडत गेली, साहेबाच्या जीपमध्ये चढली, पदर सावरून पुढच्या सीटवर बसली आणि गुंडूला म्हणाली, "आता न्हाई उचलता येत. जा, च्या पी जा." मी तिला नंतर विचारलं, एवढी चांगली जीप जाताना बघायची सोडून का गं चढलीस? ती म्हणाली, "गुंडूनं जीप न्हेली असती तर साहेबानं गुंडूला ठेवला असता व्हय? त्याला घरात दोन पोरी हायत्या."

साहेब डोळे पुसत परत आला तर त्याच्या जागेवर म्हातारी, आणि क्रेनचा आकडा जीपपाशी लोंबतोय. काय घडलं ते सयाजीनं त्याला सांगितलं. साहेबानं आकडा हातानं बाजूला सारला. मग म्हणाला, "आजी, आता उतरा, मला जायचंय." धोंडुबाई म्हणाली, "एकदा बसले की मला उतरवत न्हाई, पाय जरा बसू दे. आणि तुझी राखण करताना माझी स्कूटी मोकळी पडली तिकडं. ती कोण धरायची? जा, तिच्यावर बस, सून येईपत्तोर." आण्णा, तुझी शपथ घेऊन सांगते, साहेब गेला आणि बसला. क्रांतीच्या स्कूटीवर, एका बाजूला चिमणाबाई आणि एका बाजूला मॅडमची तिरकी सासू, नाकाला रुमाल लावून, ओळीत. मधेमधे विचारायचा, "झाली का?" आणि चिमणाबाई सांगायची, "आत्ता कुठं चाळाय घेतल्या." मग थोड्या वेळानं विचारायचा, आणि ती म्हणायची, "आता परत कुटायची." त्याला चहा दिला. (आपलाही चहा चांगला असतो.) चिमणाबाईनं त्याचं गाव विचारलं, आई कुठं असते विचारलं, पगार विचारला. क्रांती डबा घेऊन बाहेर आली तेव्हा ऊन कलायला लागलंतं. साहेब उठला, कंबर धरून सरळ झाला, आणि मला म्हणाला, "बाई, ह्याला इतका वेळ लागतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, आमच्या घरातले सांगायलाच आलते, तुम्ही चहा पाजून परत लावून दिलं.

चार दिवसांनी जुन्या बोर्डाखाली नवा बोर्ड लागला. त्यावर लिहिलंय की गल्लीतल्या दुकानांत कामासाठी आलेल्या दुचाकी वाहनांना एका बाजूस काम होईपर्यंत थांबण्यास मुभा आहे. हा बोर्ड मात्र मी वाचला. रोज सकाळी कुलूप काढायच्या आधी वाचते. आणि परवा साहेबाचा शिपाई ब्याडगीचं पोतं घेऊन आलता, साहेबाच्या आईनं गावाकडनं पाठवलेलं. म्हणजे पाकिटातली खात नाही, त्याबद्दल माझं चुकलं. शिपायाला मी नंबरात बसवलं.

तेव्हा मोबाइलवाल्याला सांग, दुसरीकडं जागा बघ म्हणावं. वैनींना शरणार्थ, पोरांना आशीर्वाद, आव्वाच्या पायावर माझं डोकं ठेव.

तुझी धाकटी बहीण, दोन्ही डंक चालू असलेली,
शिवलीला

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. बोर्ड लागला, आता गाडी नुसती लावून गेलं तरी चालतं, पण सासवा उतरेनात. त्यांना सवय लागली. ज्यांची चटणी कुटून झाली त्याही सकाळी जेवून-खाऊन येतात, सुनांना म्हणतात गाडीसकट सोड मला गल्लीत, आणि संध्याकाळपर्यंत गाडीवर बसून राहतात. खऱ्या गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा नाही. मी शेवटी स्वतः जाऊन गुंडूला म्हटलं, क्रेन घेऊन ये. तो म्हणाला, "मावशी, माणूस बसलेली गाडी उचलता येत न्हाई." त्यांना कोण बोलणार? त्यांच्याहून वयानं मोठं माणूसच पाहिजे. म्हणून आव्वाला पाठव. तिनं एकदा "ऊठ गं" म्हटलं की उठतील.

ता. क. दुसरा. वरचं कारण वैनींना वाचून दाखव, हे तू एकट्यानं वाच. साऱ्या पेठेची चटणी कुटून झाली, आण्णा, आणि माझा डबा मोकळा आहे. गेल्या वर्षीची तळाची खरवडून काल संपली. तुझे पावणे म्हणाले, डंक आपला, मिरची बाजारात, कूट की. कसं सांगू त्यांना. आव्वाच्या चटणीत शेवटी काय किती पडतं ते मला ठाऊक नाही. डंक माझा, जागा माझी, आणि दर चैत्रात ती वेळ आली की आव्वा म्हणते, "लीला, पाणी आण जा," आणि मी जाते. एवढी मोठी झाले तरी जाते. टेंपो नको, जीप आण, पोतं आण. नवा बोर्ड फक्त दुचाकीचा आहे, तेव्हा आव्वा आत माझ्यापाशी बसेल आणि जीपमध्ये तू बसशील, चटणी होईपर्यंत. उतरायचं नाही.

पाण्याची कळशी मी ह्या वेळी आधीच भरून तिच्या पाटाशेजारी ठेवणार आहे.